हरिश्चंद्राचें व्रत आणि तारामतीचे दागिने

आपल्या चरित्रवाङ्मयांत एक वाक्य इतक्या वेळां येतें कीं, वाचतांना आतां कोणाची नजर त्यावर अडखळतहि नाहीं. चरित्रनायकानें प्रसंगीं पत्नीचे दागिने गहाण टाकले आणि कार्य तडीस नेलें, हें तें वाक्य होय. वर्तमानपत्र काढणारे, नाटकमंडळी चालविणारे, शाळा स्थापणारे, कारखाने उभारणारे, कोणाचेंहि चरित्र उघडावें, हें वाक्य आपल्या जागीं हजर असावयाचेंच. चरित्रकार तें अभिमानानें लिहितो, वाचक कौतुकानें वाचतो, आणि दोघेहि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. ते दागिने पुढें सुटून आले कीं सावकाराच्या पेटींतच राहिले, आणि मुख्य म्हणजे ते काढून देतांना देणारीच्या मनांत काय होतें, हें विचारण्याची आपल्याकडे चाल नाहीं.

ध्येयासाठीं मनुष्यानें सर्वस्व द्यावें अशी शिकवण आपण मुलांस देतों. ती योग्यच आहे. पण सर्वस्व म्हणजे काय? संन्याशाचें सर्वस्व म्हणजे त्याची छाटी आणि कमंडलु; तीं त्यानें गंगेंत सोडून दिलीं तर कोणाच्याहि पोटास चिमटा बसत नाहीं. गृहस्थाची गोष्ट निराळी. तो ज्याला 'माझें' म्हणतो, त्यांत पत्नीचा, मुलांचा, म्हाताऱ्या आईबापांचा वांटा आधींच लागलेला असतो. गृहस्थानें सर्वस्व दिलें म्हणजे त्यानें दुसऱ्यांचेंहि कांहीं देऊन टाकलें. आणि दुसऱ्याचें देऊन टाकण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला, हा प्रश्न उरतो. तो मी दादासाहेब फाळके यांच्या चरित्राच्या आधारानें विचारणार आहें. हें चरित्र निवडण्याचें एक कारण असें कीं, त्यांनीं काढलेल्या पहिल्या चित्रपटाचा नायकहि याच प्रश्नाच्या पिंजऱ्यांत उभा आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. १८८५ सालीं धुंडिराज मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले, पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकले. आणि चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणें, छपाई, जादूचे प्रयोग अशा एकमेकींशीं फारसें नातें नसलेल्या विद्या त्यांनीं हस्तगत केल्या. गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रकाराचा धंदा मांडला होता. तेथें प्लेगाच्या साथींत त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलें. १९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांकडील गिरिजा. सासरीं तिचें नांव सरस्वती ठेविलें. पुढें पुराणवस्तु खात्यांत नोकरी लागली, ती वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत सोडली. मग लोणावळ्यास छापखाना काढला, तो दादरला आणला, रंगीत छपाईसाठीं १९०९ सालीं जर्मनीची वारी केली, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' हें नांव सर्वतोमुखीं केलें. आणि भागीदारांशीं बिनसतांच त्या भरभराटींतूनहि ते बाहेर पडले.

हा तपशील सांगण्याचें कारण असें कीं, १९११ च्या सुमारास सिनेमाचा ध्यास लागला तेव्हां फाळके कोणी विशीतले तरुण नव्हते. त्यांनीं चाळिशी ओलांडली होती. घरांत मुलें होतीं. लग्नानंतरच्या नऊ-दहा वर्षांत सरस्वतीबाईंनीं सरकारी पगार घरांत येतांना आणि जातांना पाहिला होता. छापखान्याची मिळकतहि येतांना आणि जातांना पाहिली होती. म्हणजे पुढें दागिने मागितले गेले ते भाबड्या नववधूकडून नव्हे. नवऱ्याच्या स्वभावाचा पुरता अनुभव घेतलेल्या एका संसारी स्त्रीकडून ते मागितले गेले.

गिरगांवांतील चित्रगृहांत त्यांनीं ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावरील ख्रिस्ताच्या जागीं त्यांना राम-कृष्ण दिसूं लागले, ही हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. त्यानंतरचे महिने मिळेल तो चित्रपट पाहण्यांत आणि रात्रीं जागून प्रयोग करण्यांत गेले. डोळ्यांवर इतका ताण पडला कीं, कांहीं काळ त्यांची दृष्टिच गेली. वैद्यकीय उपचारांनीं ती परत आली. पुढें विलायतेस जाण्यासाठीं पैसा हवा होता, तो त्यांनीं आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसी गहाण ठेवून उभा केला.

या पॉलिसीपाशीं आपण थोडें थांबलें पाहिजे, कारण दागिन्यांपुढें ती झांकली जाते. आयुष्याचा विमा ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. तिचे हप्ते नवरा भरतो, पण तिचें फळ त्याच्या हयातींत त्याला मिळावें असा तिचा मूळ हेतु नसतो. आपण नसूं तेव्हां चूल पेटती राहावी, एवढ्यासाठीं मध्यमवर्गीय माणूस ती घेतो. म्हणून ती गहाण ठेवणें म्हणजे आजची मिळकत गहाण ठेवणें नव्हे, तर आपल्या पश्चात् बायकोच्या ताटांत पडावयाचा भात आज गहाण ठेवणें होय. आणि हें करणारा पुरुष असा कीं, ज्याच्या डोळ्यांनीं त्याला नुकताच दगा दिला होता! व्यवहारी माणसांनीं त्या काळीं फाळक्यांस वेड लागलें असें म्हटलें असेल तर त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. आपणहि तेंच म्हटलें असतें. आणि आपला जांवई असता तर चार शब्द अधिक म्हटले असते.

१९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले. तेथें 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनीं त्यांस सावध केलें आणि साहाय्यहि केलें; सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंत काम कसें चालतें तें पाहावयास मिळालें; विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र विकत घेऊन ते एप्रिलमध्यें परतले. आतां प्रत्यक्ष चित्रपटासाठीं भांडवल हवें होतें. तें मिळविण्यासाठीं त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याचा अंकुर फुटून वेल होईपर्यंतचीं चित्रें थोड्या थोड्या अवकाशानें घेऊन, दिवसांची वाढ क्षणांत दाखविणारी एक लहानशी फिल्म तयार केली. ती पाहून कर्ज देणारे पुढें आले. कर्जाला तारण लागलें, तेव्हां सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

येथें आपलें जुनें धर्मशास्त्र काय म्हणतें तें पाहणें मनोरंजक होईल. दागिने हें स्त्रीधन. त्यावर स्वामित्व पत्नीचें, नवऱ्याचें नव्हे. याज्ञवल्क्यानें नवऱ्याला चार सवलती दिल्या आहेत: दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि अटकेचा प्रसंग. या कारणांनीं घेतलेलें स्त्रीधन परत करण्यास तो बांधलेला नाहीं. याचा सरळ अर्थ असा कीं, इतर कोणत्याहि कारणासाठीं घेतलें तर तो बायकोचा ऋणको ठरतो. मग सिनेमा काढणें यांपैकीं कशांत बसतें? दुष्काळ नव्हता, आजार बरा झाला होता, अटक कोणी केली नव्हती. राहिलें धर्मकार्य. फाळक्यांच्या मनांत तें धर्मकार्यच होतें, यांत मला शंका नाहीं. स्वदेशीच्या लाटेंत नोकरी सोडणाऱ्या या माणसाला आपल्या देवादिकांचीं चित्रें आपल्या माणसांनीं आपल्या भांडवलावर काढावींत ही तळमळ होती, आणि 'नवयुग' मासिकांतील आपल्या लेखांतून त्यांनीं ती बोलूनहि दाखविली आहे.

पण अडचण अशी आहे कीं, प्रत्येक ध्यास स्वतःला धर्मकार्यच म्हणवितो. द्यूताला बसलेला धर्मराजहि क्षत्रियधर्माचें नांव सांगूनच बसला होता. भरसभेंत द्रौपदीनें जो प्रश्न विचारला त्याचा कायदेशीर भाग पंडितांनीं पुष्कळ चघळला आहे, परंतु त्या प्रश्नाचें बळ कायद्यांत नाहीं. माझ्यावर डाव लावतांना मला विचारलें होतें काय, हें त्याचें खरें बळ आहे, आणि भीष्मासारखा पुरुष त्यापुढें मान खालीं घालतो. तेव्हां 'माझें कार्य थोर आहे' एवढ्यानें दुसऱ्याच्या वस्तूवर हक्क सिद्ध होत नाहीं.

कोणी म्हणेल, ही सगळी चर्चा कशाला? कार्य सिद्धीस गेलें, यांतच उत्तर आलें. २१ एप्रिल १९१३ रोजीं निमंत्रितांपुढें आणि ३ मे १९१३ पासून गिरगांवांतील कॉरोनेशनमध्यें सर्व लोकांपुढें 'राजा हरिश्चंद्र' झळकला, लोकांनीं गर्दी केली, कर्ज फिटलें. मला हें उत्तर मान्य नाहीं. यशानें कर्ज फिटतें. कर्ज काढण्याचा अधिकार होता कीं नव्हता, हें यश कसें सांगणार? समजा, दादरच्या बंगल्यांत सहा महिने सत्तावीस दिवस खपून तयार केलेली ती ३,७०० फूट फिल्म मुंबईच्या उकाड्यांत किंवा धुण्याच्या रसायनांत बिघडली असती. तसें घडणें मुळींच अशक्य नव्हतें. माणूस तोच, ध्यास तोच, दागिने तेच. पण आज आपण त्यांस बायकोला देशोधडीस लावणारा लहरी गृहस्थ म्हटलें असतें, किंबहुना कांहींच म्हटलें नसतें, कारण नांवच ठाऊक नसतें. त्यांच्या आधीं एक वर्ष, मे १९१२ मध्यें, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' त्याच कॉरोनेशनमध्यें लागला होता. तोरण्यांचें नांव आज किती घरांत निघतें? कीर्ति ही अशी बेभरंवशाची बाई आहे. नीतीचा निवाडा तिच्या हातीं सोंपवूं नये. निवाडा करावयाचा तो दागिने सावकाराकडे गेले त्या दिवशीं जें ठाऊक होतें त्यावरच केला पाहिजे.

आणि त्या दिवसापुरतें पाहिलें तरी फाळके जुगाऱ्यापासून वेगळे दिसतात. जुगारी डाव टाकून दैवाकडे पाहत बसतो. फाळक्यांनीं प्रथम स्वतःचे डोळे पणास लावले, मग समुद्र ओलांडून विद्या शिकून आले, मग वाटाण्याचा वेल हलवून दाखविला, आणि मग दागिने मागितले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मागणाऱ्यानें आपल्या विश्वासाचा कांहीं पुरावा आधीं पुढें ठेवला होता. आणि तो पुरावा जसा सावकारानें पाहिला, तसाच घरच्या माणसांनींहि पाहिला.

तरी सरस्वतीबाईंच्या संमतीचा प्रश्न उरतोच. १९१२ सालच्या मराठी ब्राह्मण घरांतील स्त्रीनें 'नाहीं' म्हटलें असतें तर तें ऐकिलें गेलें असतें काय? जेथें नकाराला जागा नाहीं तेथील होकाराला संमति म्हणणें ही भाषेची चैन आहे. अंगावर मंगळसूत्र तेवढें राहिलें, असें मोठ्या कौतुकानें सांगतात. मंगळसूत्र काढून देण्याची पाळी आली नाहीं एवढाच त्याचा अर्थ, असें एखादा कठोर टीकाकार म्हणूं शकेल.

गंमत अशी कीं, ज्या पुराणकथेवर हा चित्रपट उभारला, तिच्या कर्त्यालाहि हीच बोंच लागलेली दिसते. हरिश्चंद्राचें व्रत त्याचें एकट्याचें. वचन त्यानें दिलें; विश्वामित्राच्या दक्षिणेचें ऋण त्याच्या डोक्यावर. परंतु बाजारांत प्रथम विकली गेली ती राणी, आणि तिच्याबरोबर बालक रोहिदास. मार्कंडेय पुराणांत राजा होऊन बायकोला विकावयास काढीत नाहीं. राणीच आपल्याला विकून ऋण फेडावें असें सुचविते आणि तें ऐकून राजा मूर्च्छित पडतो. पुराणकाराला ही योजना करावी लागली याचें कारण उघड आहे. राणीनें आपण होऊन म्हटल्यावांचून श्रोत्यांनीं हरिश्चंद्राला सत्यव्रती म्हणून मान्य केलें नसतें. मुलाला मात्र कोणीं विचारलें नाहीं. फाळक्यांच्या चित्रपटांत रोहिदासाचें काम त्यांचा मुलगा भालचंद्र यानेंच केलें. आणि पुढें १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्यें बाळकृष्ण झाली ती त्यांची लहानगी मंदाकिनी. लेंकरांना त्यांत मौजच वाटली असेल, तरीहि त्यांना विचारणारें कोणी नव्हतें हें खरें.

मग सरस्वतीबाईंची संमति होती असें म्हणावयाचें कशाच्या आधारावर? माझ्या मतें शब्दांच्या आधारावर नव्हे. त्यांनीं पुढें जें केलें त्याच्या आधारावर. त्या काळीं कोरी फिल्म भोंकें न पाडलेली येत असे. तिच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर भोंकें पाडल्याशिवाय ती यंत्राच्या दांत्यांत बसत नसे, आणि हें काम पुऱ्या अंधारांत, केवळ बोटांच्या अंदाजानें करावें लागे. एखादें भोंक चुकलें तर पडद्यावर चित्र नाचूं लागणार. हें काम सरस्वतीबाई शिकल्या. रसायनें कालवणें, फिल्म धुणें हेंहि शिकल्या. दिवसा उन्हांत पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर प्रकाश परतवीत त्या उभ्या राहिल्या, आणि सगळ्या मंडळींच्या जेवणाची व्यवस्था वर होतीच. नवऱ्याच्या आज्ञेनें स्त्री दागिने काढून देईल, रांधील, वाढील. पण दिवसभर राबल्यावर रात्रीच्या अंधारांत बसून हजारों भोंकें बिनचूक पाडण्याची विद्या केवळ आज्ञेनें साधत नाहीं. तिला स्वतःला त्या कामाची गोडी लागावी लागते. येथें ती आहुति उरत नाहीं, यजमानीण होते. पडद्यावर तारामती होऊन आले एका उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके, कारण त्या चित्रपटांत काम करावयास स्त्री मिळेना. पण पडद्याच्या मागें खरी तारामती काम करीत होती, आणि तिचा वांटा पुराणांतल्या तारामतीहून मोठा होता. पुराणांतल्या राणीला व्रताचें ओझें मिळालें, व्रताची विद्या मिळाली नाहीं.

म्हणून १९१२ च्या गहाणाविषयीं मी फाळक्यांस दोषी धरणार नाहीं. ज्याचें धन घेतलें त्याला कामाची किल्लीहि दिली, तर तें घेणें लुबाडणें होत नाहीं. ज्या घरांत दागिने मागितले जातात पण हिशेबाची वही दाखविली जात नाहीं, त्या घरांविषयीं मात्र मला असें म्हणवत नाहीं, आणि अशीं घरें आपल्या ओळखींत पुष्कळ असतील.

फाळक्यांचा बचाव मला अवघड वाटतो तो पुढच्या काळांत. १९१३ च्या अखेरीस ते नाशकास गेले. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' निघाले. महायुद्धांत भांडवलदारांनीं हात आंखडला, त्या ओढगस्तीच्या काळाबद्दल त्यांना बोल लावतां येत नाहीं. १९१७ च्या 'लंकादहना'नें पुन्हां पैसा आणला. १९१८ च्या आरंभीं मुंबईच्या भांडवलदारांच्या भागींत 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' उभी राहिली. आतां विमा गहाण टाकण्याची, दागिने उतरविण्याची वेळ कायमची टळली असें कोणासहि वाटलें असतें. परंतु थोड्याच दिवसांत खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून भागीदारांशीं खटके उडूं लागले, आणि दादासाहेब सर्व सोडून काशीस जाऊन राहिले. तेथें त्यांनीं 'रंगभूमि' नांवाचें नाटक लिहिलें. १९२२ सालीं ते कंपनींत परत आले, पण पहिली जागा परत आली नाहीं.

भागीदारांची बाजू व्यापाऱ्याची होती, यांची कलावंताची. आणि कलावंताला पैन्‌पैचा हिशेब बोंचतो हें मी समजूं शकतों. तरीहि १९१२ च्या त्यागांत आणि या त्यागांत एक भेद आहे. पहिल्या वेळीं कार्य उभें करण्यासाठीं घर पणास लागलें. या वेळीं मान राखण्यासाठीं. नोकरी, छापखाना आणि ही कंपनी, तिन्ही ठिकाणीं घराची घडी बसते आहे असें वाटतांच ती विसकटली. सरस्वतीबाई पहिल्या कामांत भागीदार होत्या, कारण त्या अंधाऱ्या खोलींत त्यांचा हात होता. भागीदारांशीं झालेल्या भांडणांत त्यांचा हात कोठें होता? रागावून उठून जाण्याची मुभा पुरुषाला असते. त्याच्या मागोमाग बिऱ्हाड बांधून निघणारीला रागावण्याची सवड नसते. त्याग म्हणून आपण ज्याची वाखाणणी करतों त्यांत स्वाभिमान किती आणि अभिमान किती, हें प्रत्येक वेळीं वेगळें मोजलें पाहिजे. दादासाहेबांच्या थोरवीला त्यामुळें बाध येतो असें मला वाटत नाहीं. ज्या माणसानें एका देशांत एका धंद्याचा पाया घातला त्याला आपल्या डोळेझांकीची गरज नाहीं.

या व्यवहारांत आणखी एक पक्ष आहे, तो म्हणजे आपण. फाळक्यांच्या घरानें पणास लाविलेल्या वस्तूंवर पुढें केवढा धंदा उभा राहिला! बोलपट आले, त्यांनीं स्वतः काढलेला एकच बोलपट म्हणजे कोल्हापूर सिनेटोनचा १९३७ चा 'गंगावतरण'. तेव्हां त्यांचें वय सदुसष्टाच्या घरांत होतें, आणि धंदा त्यांच्या हातून केव्हांच निसटला होता. १९३९ सालीं भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव मुंबईस थाटानें झाला, तेव्हां या मूळ पुरुषाची आठवण उत्सवमंडळींस करून द्यावी लागली. ती शांतारामबापूंनीं करून दिली. निधि जमला, त्यांत 'प्रभात'नें आपली भर घातली, आणि नाशकास फाळके कुटुंबासाठीं एक घर झालें. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं दादासाहेब नाशकासच वारले. १९६९ पासून त्यांच्या नांवाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला जाऊं लागला. पहिला देविकाराणी यांस मिळाला. परेश मोकाशी यांचा २००९ चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहून नव्या पिढीनें त्या विक्षिप्त, आनंदी संसाराला मनापासून टाळ्या दिल्या.

घरानें द्यावें आणि समाजानें घ्यावें, ही आपल्याकडील रूढ वांटणी आहे. व्रत घेणारा आपल्या बायकामुलांचा ऋणको होतो आणि फळ चाखणारे आपण मात्र कोणाचेच ऋणको होत नाहीं, हें कोणत्या शास्त्रांत बसतें तें याज्ञवल्क्यानें सांगितलेलें नाहीं. नाशकाच्या त्या घरापुरता हा हिशेब चुकता झाला असें मानलें, तरी एक गोष्ट ध्यानांत येते. 'राजा हरिश्चंद्रा'पासून तें घर मिळेपर्यंत पंचवीसाहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. आणि एवढ्या काळांत कोणत्या महिन्याला काय विकून काय आणलें, हें ज्या एका व्यक्तीस पुरतें ठाऊक होतें, तिला या विषयावर लेख लिहावयास कोणत्याहि संपादकानें सांगितल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.